खोकल्याची खूण

"खोकून दाखवा बघू," शालन म्हणाली.

मनूबाईने खाटेवर पडल्या पडल्या खोकून दाखवलं. तिचा एक हात चादरीखाली पोटाशी गेला, डोळ्यांत पाणी तरारलं, पण चेहरा हसराच.

"आयकू आला का गो?"

"एकदम झकास! भागीरथीचा खोकला शिट्टीसारखा, तुमचा खणखणीत. मी चुकणारच नाही."

भागीरथी म्हणजे शेजारच्या खाटेवरची दम्याची पेशंट. तिच्यावरूनच शालनला ही युक्ती सुचली होती. ठाण्याच्या त्या इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात, भागीरथी दिवसभर खोकायची. त्यात आणखी एकीचा खोकला मिसळला तर कोण कशाला मान वर करून बघतंय?

प्रात्यक्षिक परीक्षा परवावर आली होती. मनूबाईचं आतड्याचं ऑपरेशन होऊन पंधरवडा उलटला होता. आतड्याचं टोक पोटावर काढून तिथे पिशवी लावली होती, आणि ती पिशवी बदलून दाखवायची, हीच शालनची खरी परीक्षा. पोरगी अभ्यासात कच्ची मुळीच नव्हती. वही तोंडपाठ. पण कुणी समोर उभं राहून बघायला लागलं की तिच्या डोक्यात सगळ्याचा काला व्हायचा. मागच्या खेपेला तिने माप न घेताच पिशवी कापली होती, आणि हात धुवायचे राहिलेत हे सगळं आटोपल्यावर आठवलं होतं.

आता ही शेवटची संधी. या वेळीही नापास झाली तर नर्सिंग स्कूलमधून नाव कमी. तिकडे विठ्ठलवाडीच्या चाळीत तिच्या आईने, रमाबाईने, "आमची शालन नर्स झाली" असं आधीच सगळ्यांना सांगून टाकलेलं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

मनूबाई खाडीकाठची कोळीण. तीस वर्षं बाजारात मासळी विकलेली, त्यामुळे घाबरणं तिला ठाऊक नव्हतं. रोज पिशवी बदलून घेऊन घेऊन तिला सगळा क्रम पाठ झाला होता.

"हात धुवा, जुनी काढा, कोमट पाण्यान् पुसा, सुकवा, माप घ्या, कापा, चिकटवा. सात कामां. तू बरोबर केलंस का मी खोकीन. खोकली नाय तर थांब, आठव. आन् पास झालीस का टेंभी नाक्याच्या देवीची ओटी भरीन मी!"

"अगं, पण पकडलं तर?" शालनच्या वर्गातली गोदा कुजबुजली.

"खोकल्याला कोण पकडतंय?" शालन म्हणाली, आणि दोघी तोंडाला रुमाल लावून हसत सुटल्या.

दोन दिवस तालीम झाली. सकाळी सात खोकले, संध्याकाळी सात. शालनचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदाच ती परीक्षेची वाट बघत होती.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई उंच, शांत, हातात कागद आणि पेन्सिल. त्यांनी सुरुवात भागीरथीपासून केली.

"पंप कसा घ्यायला सांगाल?"

"आधी हलवायचा, मॅडम. श्वास पूर्ण सोडायचा, मग आत घेता घेता दाबायचा, आणि दहा आकडे श्वास रोखायचा."

"अमिनोफायलीनचं इंजेक्शन?"

"शिरेतून, अगदी सावकाश. नाडीवर लक्ष ठेवून."

बाईंनी मान हलवली. शालनच्या अंगात वारं शिरलं. ती मनूबाईच्या खाटेशी आली, पडदा ओढला, हात धुतले.

मनूबाई खोकली.

शालनचा चेहरा उजळला. तिने जुनी पिशवी अलगद सोडवली. खोकला. कोमट पाण्याने भोवतालची कातडी पुसली. पुन्हा खोकला. दर वेळी मनूबाईच्या कपाळावर आठी पडायची आणि दर वेळी शालनच्या गालावर खळी. बाईंची पेन्सिलही प्रत्येक खोकल्याला कागदावर एक रेघ ओढत होती. गुण पडताहेत, शालनला वाटलं.

पुसून होताच तिने माप घ्यायची पट्टी उचलली. मनूबाई गप्प.

शालन थांबली. आठवलं! सुकवायचं राहिलं. तिने पट्टी ठेवली, मऊ कापसाने कातडी कोरडी केली. खोकला आला, आणि तिला मनूबाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मग माप, खोकला. कात्री, खोकला. पिशवी चिकटवून तिने कडेने बोट फिरवलं. शेवटचा खोकला जरा खोल होता, मनूबाईने ओठ दातांखाली धरला होता. पण गंगेत घोडं न्हालं!

"हात स्वच्छ, माप बरोबर, पिशवी पक्की," बाई म्हणाल्या. "क्रमात एकही चूक नाही."

शालनला आता इथेच नाचावंसं वाटत होतं. आईला कधी सांगते असं झालं होतं.

"एक शेवटचं सांगा. पोटाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला खोकला आला, तर नर्सने काय करायचं?"

"पोटाला हाताने किंवा उशीने आधार द्यायचा, मॅडम," शालनने फटकन सांगितलं. "नाहीतर जखमेवर ताण येतो, कळ जाते..."

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदाची घडी घातली. "ही बाई तुमच्यासमोर सात वेळा खोकली. आणि सातही वेळा तुम्ही हसलात."