दोन पिलांची मादी

आपली बायको केम्बाबाझी गेल्याचं कातुंगीला पार्कच्या फाटकावर कळलं. त्याची जीप थांबली तेव्हा बाकीचे गाईड टोप्या हातात घेऊन उभे होते.

बेगुमिसा पुढे आला. "सकाळपासून हाका मारतोय गड्या. दवाखान्यातून दोनदा निरोप आला, ती तुलाच विचारत होती. दुपारी गेली. तुझा वायरलेस का लागत नव्हता?"

सकाळी तिनं वाटीभर पेज घेतली होती. म्हणून तर तो कामावर आला होता.

"बॅटरी," कातुंगी म्हणाला. "बॅटरी उतरली."

मागच्या सीटवरच्या गोऱ्या बाईंना त्यांची भाषा कळत नव्हती. सगळ्यांचे चेहरे पाहून त्या त्याच्या मदतीला धावल्या. इंग्रजीत म्हणाल्या, "त्याला रागावू नका हं! काल दिवसभर नुसते झेब्रे पाहिले, आणि आज सकाळीच बिबट्याची मादी दिसली, दोन पिलं घेऊन! गर्दीनं ती बुजू नये म्हणून यानं वायरलेसच बंद करून टाकला. असा गाईड मिळायला नशीब लागतं."

इंग्रजी सगळ्यांनाच येत होतं. पार्क एवढंसं. बिबट्या दिसला की सगळ्यांना कळवायचं, हा त्यांचा आपसातला नियम.

बेगुमिसानं मोटरसायकल काढली. "बस," एवढंच म्हणाला.

घरामागं केळीच्या बागेत पुरुष तिच्यासाठी खड्डा खणत होते. रिवाजाप्रमाणे सासू एरवी जावयासमोर येत नसे. आलीच तर तोंड फिरवून. आज ती सरळ चालत आली आणि तिनं त्याचे दोन्ही हात धरले.

"कुठं होतास रे लेकरा? ती सारखी दाराकडं बघत होती."

कातुंगीनं तोंड उघडलं.

"त्याचा वायरलेस बिघडला होता, आई," बेगुमिसा मधेच म्हणाला. कातुंगीकडं त्यानं पाहिलं नाही.

म्हातारीनं मान हलवली. "जळो ते यंत्र! साहेबांना सांग, बदलून द्या म्हणावं. तुझ्यासारखं आणखी कुणाचं व्हायला नको."

"सांगतो," कातुंगी म्हणाला.

याला आता महिना झाला. बेगुमिसा त्याच्याशी कामापुरतं बोलतो. म्हातारी वाटेत भेटली की पुन्हा पहिल्यासारखं तोंड फिरवते आणि तशीच विचारते, "बदलला का रे?"

त्यानं तिला खरं अजून सांगितलेलं नाही.