‘खराब’ नावाचं फोल्डर

चौऱ्याण्णव टक्क्यांवर फोनमधल्या सॉफ्टवेअरचं बिल्ड पुन्हा कोसळलं. सकाळपासून चौथ्यांदा.

“मसणात जा!” म्हणत धाकटीने फोन आपटायला हात उगारला आणि मग अलगद उशीवर ठेवला. कितीही डोकं फिरलं तरी हा फोन आपटून चालणार नव्हतं. अप्पांचा आवाज यापुढे त्यातच राहायचा होता.

घशाच्या ऑपरेशनआधी तिच्या वडिलांनी, अप्पांनी, महिनाभर माईकसमोर बसून वाक्यं वाचली होती. त्यावरून एका कंपनीने त्यांच्याच आवाजात बोलणारं ॲप करून दिलं. ऑपरेशन झालं, आवाज गेला आणि दोन महिन्यांत कंपनीने गाशा गुंडाळला. ॲप मुकं झालं. तेव्हा धाकटीने चिडून जवळच्या रेकॉर्डिंगांवरून कॉम्प्युटरवर तो आवाज स्वतःच घडवला आणि तो चालवायला हा फोन आणला. आतलं सगळं उघडं, कुणाच्या बापाची मालकी नाही. त्यावर लिनक्स ही सगळ्यांना खुली असलेली प्रणाली चढवताना आधी स्क्रीन लागेना, मग स्पीकर बोलेना. ते जमलं, तर आता बोलणारं सॉफ्टवेअर काठाशी येऊन बुडत होतं. लिनक्सवाल्यांच्या ऑनलाईन फोरमवर विचारलं, तर एका दीडशहाण्याने लिहिलं, “आधी माहितीपुस्तिका वाचा.” तिने ती दोनदा वाचली होती. त्या दीडशहाण्याची तिने मनातल्या मनात सात पिढ्यांपर्यंत विचारपूस केली.

समोर अप्पा बसले होते. तीस वर्षं घाऊक बाजारातल्या ओट्यावर उभं राहून लिलाव पुकारलेला माणूस. त्यांनी आपल्या जुन्या फोनवर काहीतरी टाईप केलं आणि त्यातली बाई साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाली, “बघत काय बसलीस गाढवासारखी. पाच वाजता तो हरामखोर येतोय.”

हरामखोर म्हणजे बाजाराचा सेक्रेटरी. ओटा सोडल्याच्या कागदावर तो सही घ्यायला येणार होता. अप्पांना त्याला ‘नाही’ म्हणायचं होतं. मान हलवून नाही, चिठ्ठी लिहून नाही, आणि या गोडबोल्या बाईकडून तर मुळीच नाही. स्वतःच्या आवाजात.

धाकटीने दातओठ खात लॉग, म्हणजे फोनने ठेवलेली कामाची नोंद, पुन्हा वरपासून वाचला. आणि दिसलं. फोन एकाच वेळी चार कामं अंगावर घेत होता, शेवटच्या मोठ्या फाईलपाशी मेमरी संपत होती आणि सगळंच बंद पडत होतं. तिने चाराच्या जागी एक लिहिलं.

“एकेक कर म्हणून सांगितलं त्याला,” ती आईला म्हणाली.

“मग सकाळीच का नाही सांगितलंस?” आई दारातून म्हणाली. धाकटी आईवरही चिडली.

साडेचारला बिल्ड पूर्ण झालं. तिने स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवून फोन अप्पांच्या हातात दिला. त्यांनी एका बोटाने टाईप केलं.

“मी ओटा सोडणार नाही. चालता हो.”

आवाज अप्पांचाच होता. अगदी हुबेहूब. आई जागच्या जागी थांबली. पण अप्पांच्या कपाळावरची आठी गेली नाही. सूचनाफलक वाचून दाखवावा, तसं निघालं होतं ते वाक्य. त्यांनी पुढे तीन उद्गारचिन्हं घालून पाहिली. तरी तसंच. मग त्यांनी टाईप केलं आणि फोन तितक्याच शांतपणे म्हणाला, “हा मी नाही.”

धाकटीला एकदम कळलं, आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. सॉफ्टवेअरला एकसारखा, स्वच्छ आवाज लागतो, म्हणून रेकॉर्डिंगं तिनेच निवडली होती. वाचताना अप्पा जिथे जिथे वैतागून ओरडले, तो तुकडा तिने कापून बाजूला काढला होता. असे एकेचाळीस. फोल्डरला नाव दिलं होतं ‘खराब’. तांदूळ निवडावेत तसा तिने बाप निवडला होता, आणि खडा म्हणून नेमका बापच फेकून दिला होता.

नवीन आवाज शिकवायला दोन दिवस लागले असते. हातात पंचवीस मिनिटं होती. तिने ते फोल्डर होतं तसं फोनमध्ये टाकलं. प्रत्येक तुकड्याला त्यातलेच पहिले शब्द नाव म्हणून दिलेले होते. अप्पांनी यादी वरपासून खालपर्यंत नीट वाचली. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं. तेवढ्यात बेल वाजली.

सेक्रेटरी बसला, पाणी प्यायला, हळहळला. “अप्पा, आता आवाजाशिवाय लिलाव कसा हो जमायचा? तुम्ही समजूतदार माणूस. इथे फक्त एक सही,” म्हणत त्याने पेन पुढे केलं.

अप्पांनी बोट टेकवलं.

“नाही म्हटलं ना एकदा! माणूस आहे का कोण आहे मी? परत परत तेच काय लावलंय? ऊठ, ऊठ आधी इथून!”

खिडकीची काच थरथरली. सेक्रेटरी खरोखरच उठून उभा राहिला. धाकटीही दचकली, कारण हे सगळं रेकॉर्डिंग करताना तिलाच ऐकावं लागलं होतं, एकच वाक्य सातव्यांदा वाचायला सांगितलं म्हणून.

तुकडा अजून संपला नव्हता. शेवटी फोनमधून तिचाच बारीक, घाबरलेला आवाज आला, “बरं अप्पा. चुकलं माझं.”

सेक्रेटरीने पेनाला टोपण लावलं. अप्पांनी त्याच्याकडे बघत तेच बटण पुन्हा दाबलं.