चाचणीआधीची चिठ्ठी

लंबूची उंची सव्वासहा फूट, पण निकालाच्या यादीत तो कायम बारक्याच्या खाली. चार वर्षं कॉलेजच्या वसतिगृहात दोघांची खोली एक, टेबल एक, आणि दर परीक्षेला पहिला मात्र बारक्याच! आज शेवटची चाचणी होती. जो जिंकेल त्याला फादर आपल्या संशोधनशाळेत घेणार होते. जागा एकच.

लंबूची आपोआप चालणारी गाडी मघाशी चालून झाली होती. बरी चालली होती, एवढंच. आता बारक्याची पाळी. इस्पितळात औषधं पोचवणारी त्याची चाळीस किलोची गाडी, समोर कुणी आलं की अर्ध्या मीटरवर आपोआप थांबायला हवी होती.

ती थांबणार नव्हती, आणि हे एकट्या लंबूला ठाऊक होतं.

काल जुना सेन्सर जळाला म्हणून बारक्याने घाईघाईने नवा बसवला. बॅटरी चार्जिंगला, चालवून बघायची सोय नाही. त्याने प्रोग्रॅम लंबूपुढे सरकवला. “बघ रे बाबा. आपली चूक आपल्याला दिसत नाही.”

लंबूला ती दुसऱ्या मिनिटाला दिसली. नवा सेन्सर अंतर मिलिमीटरमध्ये सांगत होता, आणि प्रोग्रॅम ते सेंटिमीटर समजत होता. म्हणजे गाडी चार बोटांवर येईपर्यंत ब्रेक लागणारच नाही. लंबूला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या.

“झकास आहे,” तो म्हणाला. रात्री झोपही छान लागली मेल्याला.

फादर कॉम्प्युटर शिकवायचे, पण चाचणीआधी प्रार्थना कधी चुकवायचे नाहीत. कार्यशाळेत तारांचा एक रिकामा डबा होता. प्रत्येकाने आपलं मागणं नाव न लिहिता त्यात टाकायचं. ज्याची चाचणी, त्याने एक चिठ्ठी काढून मोठ्याने वाचायची, आणि सगळ्यांनी आमेन म्हणायचं.

बारक्याने डब्यात हात घातला. चिठ्ठी उलगडून तो जरा थांबला. त्याने लंबूकडे एकदा पाहिलं. लंबूचं अक्षर त्याच्याइतकं कोण ओळखणार?

“देवा, एकदा तरी मला पहिला येऊ दे,” बारक्याने वाचलं.

मागच्या बाकावर खसखस पिकली. बारक्या हसला नाही. त्याने डोळे मिटले आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणाला, “आमेन!”

लंबूच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्यासाठी देवाकडे मागायलाही हाच पुढे! चांगुलपणातसुद्धा पहिला नंबर सोडवत नाही याला. होऊ दे आता फजिती. चांगली चारचौघांत होऊ दे.

“चला, सुरू करा,” फादर म्हणाले. दोन मुलांनी गाडीच्या वाटेत लाकडी खोका आणून ठेवला.

“खोका कशाला, फादर?” बारक्याने तो पायाने बाजूला सारला आणि स्वतःच त्या जागी जाऊन उभा राहिला. “मीच थांबतो समोर. लंबूने तपासलंय.”

फादरांनी कौतुकाने मान डोलावली. “मग दाब बटण, लंबू.”

गाडीचं बटण लंबूच्या हाताशीच होतं. समोर बारक्या हात मागे बांधून उभा, पोरगेलासा, नडग्या काडीसारख्या. लंबूचं मागणं पुरं व्हायला बटणाएवढंच अंतर उरलं होतं.

त्याने हात मागे घेतला.

“दाब ना रे,” बारक्या म्हणाला. “तपासलंयस ना?”

“तपासलंय,” लंबू म्हणाला. “म्हणूनच सांगतोय, सरक बाजूला.”