वाचलेली, ऐंशी टक्के सूट

गुळवणीबाई ऑनलाइन पुस्तकं घ्यायच्या ती फक्त ‘वाचलेली, ऐंशी टक्के सूट’ या रकान्यातली. हल्लीचा कागद वाचणाऱ्याचे आवाज टिपून ठेवी आणि पान उलटलं की ते ऐकू येत.

“मावशी, आधीचे आवाज पुसून पाठवू? फुकट आहे,” फोनवरच्या मुलीनं विचारलं.

“मुळीच नको!” बाई कडाडल्या.

या खेपेचा वाचक मोठा गोड निघाला. विनोदाला खो-खो हसायचा. त्याचा चहाचा भुरका ऐकू आला की बाईही आपला कप उचलत.

एकशे बाराव्या पानावर त्यानं लांबलचक जांभई दिली. पुढची सगळी पानं मुकी होती.

गोष्टीचा शेवट बाईंनी वाचलाच नाही. त्यांनी चहा पुन्हा गरम केला आणि पहिलं पान उघडलं.