आठवड्यापुरतं घर

सुलाबाईंनी देव टीव्हीच्या टेबलावर मांडायला घेतले, तसे सावळीराम वैतागले. तिथं नको, कुणी देवापुढं टीव्ही बघतं का, म्हणाले. मग कुठं, हे मात्र त्यांनाही सुचेना. शेवटी देव फ्रिजशेजारी बसले.

पाथर्डी फाट्याजवळचा हा फ्लॅट त्यांचा नव्हताच. कंपन्यांचे साहेब कामासाठी नाशकात येतात, त्यांच्यासाठी सोफ्यापासून चमच्यांपर्यंत सगळ्या सामानासकट असे फ्लॅट भाड्यानं मिळतात. भाचा मनोजच्या कंपनीच्या नावावर हा आठवडाभरासाठी घेतला होता.

गिरणारे गावाच्या पुढं त्यांची द्राक्षबाग होती, घर होतं, विहिरीला पाणी होतं. काही म्हणता काही कमी नव्हतं. फक्त अमोलचं लग्न जमत नव्हतं. मुलगा शेती करतो म्हटलं की समोरचे फोनवरच गार पडायचे. पोराचं वय चाललेलं. शेवटी सावळीरामांनी बायोडाटात ठोकून दिलं, कंपनीत सुपरवायझर, नाशकात स्वतःचा फ्लॅट. लगेच मनमाडच्या किशोररावांचा फोन आला. त्यांची चैताली नाशकातच नोकरीला होती, म्हणून मुलगी बघणं आणि घर बघणं एकाच दिवशी उरकायचं ठरलं.

खोटं बोलायला दम लागतो, आणि सावळीराम पडले साधे. फ्लॅट देणाऱ्या ऑफिसातल्या मॅडमना त्यांनी फोनवर सगळं खरं सांगून टाकलं. आता त्या झापणार, असं त्यांना वाटलं. पण मॅडम हसल्या. म्हणाल्या, काका, घर राहतं वाटलं पाहिजे, मी बघते. आणि खरंच, चावी घेऊन आले तर दारावरची कंपनीची पाटी काढलेली, गॅलरीत तुळस, भिंतीला कॅलेंडर. न पाहिलेल्या त्या मॅडमना सावळीरामांनी येता-जाता आशीर्वाद दिले.

अमोलला मात्र हे सगळं टोचत होतं. फोटोतली मुलगी त्याला मनापासून आवडली होती, म्हणून तर जास्तच.

"अण्णा, लग्न झाल्यावर तिला कुठं नेणार आपण?"

"आधी लग्न तर होऊ दे. नंतरचं नंतर. आता तोंड उघडलंस ना, तर पुन्हा कुणी दारात येणार नाय."

अमोल खुर्च्या नीट मांडायला लागला. वडील चुकत होते, पण पुन्हा कुणी येणार नाही, हे काही खोटं नव्हतं.

पाहुणे आले. किशोरराव घरभर हिंडले, नळ सोडून पाहिले, वारा छान येतो म्हणाले. सुलाबाईंना स्वयंपाकघरात साखर काही सापडेना. या कपाटात बघ, त्या कपाटात बघ. चैतालीची आई दारातच उभी. सून आली की तीच नीट लावून घेईल, असं म्हणून सुलाबाईंनी वेळ मारून नेली. सावळीरामांना तेवढ्यात घाम फुटला होता.

चैताली खाली मान घालून बसली होती. घराकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. सावळीरामांनी नोकरीचं विचारलं, तर उत्तर किशोररावांनीच दिलं, ऑफिसात आहे, बरं चाललंय. पोरगी नुसती मान हलवत होती. लाजाळू आहे, संसाराला बरी, असं सावळीरामांनी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

मग हल्लीच्या रीतीप्रमाणं दोघांना बोलायला गॅलरीत पाठवलं. निघताना सावळीरामांनी मुलाकडं डोळे वटारून पाहिलं.

गॅलरीत आल्यावर अमोल तुळशीशेजारी उभा राहिला. सांगावं तर ही जाणार. न सांगावं तर हिचा गळा कापल्यासारखं होणार. दोन्हीकडून कोंडी त्याचीच होती.

"हे घर आमचं नाही," तो म्हणाला. "रविवारी चावी परत द्यायचीय. मी नोकरीही करत नाही. बाग करतो, आणि तीच करणार. तुम्ही नाही म्हणा, मला राग नाही. फक्त आत अण्णांना सगळ्यांसमोर काही बोलू नका. त्यांनी माझ्यासाठी केलंय हे."

"माहीत आहे मला," चैताली म्हणाली. आल्यापासून तिचा आवाज पहिल्यांदाच ऐकू येत होता, आणि तोही हळूच, आतल्यांना ऐकू जाणार नाही इतका. "फ्लॅटच्या ऑफिसातून काकांशी फोनवर बोलले ती मीच. त्यांची इतकी दया आली, की कुणातरी मुलीला आपण फसवतोय हे माझ्या मनातही आलं नाही. बाबांनी बघायला जायचं म्हणून पत्ता दाखवला, तेव्हा आलं. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही स्वतःहून सांगता का, तेवढंच बघायला आले होते."