डब्याची सही

"काका, ज्या समितीनं आमचा तास बंद केला, तिच्यात बाया कोन कोन हायेत?"

हे विचारायची पैज तिच्या मैत्रिणीनं, करिश्मानं लावली होती, दोन कचोऱ्यांची. आचलनं माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि तो परत द्यायचा तिचा बिलकुल विचार नव्हता.

चांदूर बाजारच्या रस्त्यावरच्या त्या छोट्या रेडिओ केंद्राच्या अंगणात श्रोत्यांची वार्षिक सभा चालली होती. मंचावर रामराव होते. रेडिओ चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष तेच. आचलची शाळाही त्याच संस्थेची. जानेवारीत 'पोरींचा तास' या शनिवारच्या कार्यक्रमात पोरींनी एवढंच सांगितलं होतं की शाळेतला नवा संडास पाहुणे आले की उघडतो आणि पाहुणे गेले की त्याला कुलूप लागतं. त्यानंतर सलग पाच शनिवार त्या वेळेला भजनं वाजत होती.

"बेटा, सांगतलं ना," रामराव म्हणाले, "समितीनं एकमतानं ठरवलं. गावाचा रेडिओ, गावाची समिती. अर्ध्या बाया हायेत तिच्यात."

"मंग नावं सांगा ना."

"तो विषय नंतर."

"अर्ज देला तवाबी नंतर, फोन केला तवाबी नंतर! नंतर म्हंजे कदी, काका?"

मागे पोरी खिदळल्या. रामरावांनी कपाळाला हात लावला. "वाच रे देवमन. होऊ दे हिचं समाधान."

कारकून देवमननं रजिस्टर उघडलं. "सभा दिनांक अठरा जानेवारी. ठराव चौथा, पोरींचा तास बंद करणे. उपस्थित महिला सदस्य: गोदाबाई इंगळे, पार्वताबाई ढोरे, माया गोपाल गावंडे..."

माया गोपाल गावंडे म्हणजे आचलची आई. ती बायांच्या रांगेत बसली होती आणि मान वळवून मागे पाहत होती, की ही कोणती माया!

"आई! तू समितीत हायेस?"

"मी? मले कोन घेते वं समितीत!"

"मंग अठरा तारखेले इथं कायले आलती?"

आई आठवत बसली. शेवटी शेजारून गोदाबाईच बोलल्या, "हळदीकुंकू होतं ना बाई त्या दिवशी. सही करा अन वाण म्हनून स्टीलचा डबा न्या, असं म्हने हा देवमन. मले वाटलं, डब्याची सही हाय."

"मी त अंगठा देला," पार्वताबाई म्हणाल्या. "अन त्या डब्याचं झाकन बी बसत नाही."

सगळं अंगण हसलं. आचलला हसू आलं नाही. पाच शनिवार ती घरात त्या समितीच्या नावानं बोटं मोडत होती, आणि आई पोळ्या लाटता लाटता म्हणत होती, "मुडदे कोन हायेत कोन जाने!"

"झालं समाधान?" रामरावांनी माइकसाठी हात पुढे केला. "नावं खरी, सह्या बी खऱ्या."

सभा संपल्यावर फाटकाबाहेर बाबांनी मोटरसायकल चालू केली. "बस लवकर. अन त्याच्या नादी लागू नोको. तुले बारावी त्याच्याच शाळेतून काढाची हाय."

आई मागे बसली. तिनं आचलकडे पाहिलंच नाही. आचल बसली नाही.

"आई, तुही सही खरी हाय म्हने ना तो? मंग तू सदस्य बी खरीच. बाबा, तुमी दोघं जा घरी. मी गोदामावशी अन पार्वतामावशीले सांगून येतो. रविवारी समितीची सभा हाय, आपल्या ओसरीत."

"कोनं बलावली?"

"आईनं."

बाबांनी गाडी बंद केली. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, पण नाही म्हणाली नाही.

"विषय एकच, पोरींचा तास. ठराव मी पहिले लिहीन, मोठ्यानं वाचून दाखवीन, मंगच सह्या. अन बाबा, चहा तुमी मांडजा. पन सह्यांच्या पहिले पाजजा सगळ्यांले. उगा कोनी कपासाठी सही करन."