काढून टाकायचा फोटो

“हा काढून टाक,” बाई म्हणाल्या. “खाली दिवा आलाय.”

संगणकाच्या खोलीत खुर्च्या कमी आणि मुलं जास्त झाली होती. विज्ञान मंडळाची सगळी पलटण एका पडद्यावर वाकली होती. काल संध्याकाळी शाळेच्या वेधशाळेच्या गच्चीवरून त्यांनी धूमकेतूचे फोटो घेतले होते, एकामागून एक, कॅमेरा जराही न हलवता. आता त्यातले चांगले तेवढे निवडायचे आणि एकावर एक चढवायचे, म्हणजे शेपटी झाडूसारखी लांबलचक उमटणार होती. माऊस अर्थातच हवालदारच्या हातात होता.

हवालदार ही दहावीतली मुलगी. काल अंधाराचा बंदोबस्त तिच्याकडे होता, आणि तो तिने असा काही ठेवला की हे नाव तिथल्या तिथे पडलं. कोणी मोबाइल उघडला की ही खेकसलीच. एकाचं घड्याळ चमकतं म्हणून तिने ते खिशात टाकायला लावलं. बाईंनाही बॅटरी विझवायला सांगितली, आणि बाईंनी मुकाट्याने विझवली.

पडद्यावरचा धूमकेतू सुरेख आला होता. पण खाली, शिपाईमामांच्या खोल्यांच्या बाहेरच्या जिन्यावर पिवळा दिवा लागलेला होता, आणि फोटोचा तेवढा कोपरा त्याने पार धुऊन टाकला होता. जिन्यावर कोणीतरी उभंही होतं, पुसट, हललेलं.

हवालदारने तो फोटो काढून टाकला नाही. माऊसवर बोट तसंच ठेवून ती बसून राहिली.

काल हा दिवा लागला तेव्हा ती कठड्यावरून ओणवी होऊन ओरडली होती, दिवा बंद करा, फोटो चाललाय. पुढच्या फोटोत दिवा नव्हता. त्यानंतर थोड्याच वेळात खालून धप्पकन आवाज आला, आणि तिला पहिली काळजी वाटली ती कॅमेऱ्याची तिपाई हलली की काय याची. शिपाईमामांच्या बायको, मामी, जिन्यावरून पडल्या हे मागाहून कळलं. तिचं ओरडणं कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. संध्याकाळभर ती ओरडतच तर होती.

“हवालदारसाहेब ड्यूटीवर झोपले वाटतं,” मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

तेवढ्यात शिपाईमामा दारात आले. दाढी वाढलेली, अंगात कालचाच शर्ट. शाळेच्या किल्ल्या बाईंकडे द्यायला ते दवाखान्यातून तसेच आले होते. बाई उठून त्यांच्याकडे गेल्या. ऑपरेशन दुपारी आहे, हाड जोडायला पायात धातूची पट्टी घालावी लागणार, रजा हवी, असं मामांनी सांगितलं. मग कोणी न विचारताच ते बोलू लागले.

“चूक तिचीच आहे, बाई. तो तारा बघायची हौस. मी होतो फाटकावर. किती वेळा सांगितलंय, दिवा लावल्याशिवाय जिना उतरू नकोस म्हणून, पण ऐकेल तर ना. रात्रभर तेच सुनावलं तिला. ती कण्हत होती आणि मी बोलत होतो.”

असू द्या मामा, होतं असं, असं काहीतरी बाई म्हणाल्या.

एक बटण दाबलं की सगळं मिटत होतं. काढून टाकायला बाईंनीच सांगितलं होतं, पुन्हा कोणी विचारणारही नव्हतं. मामी तेवढ्या हट्टी आणि वेंधळ्या ठरत होत्या, बाकी कोणाचं काही बिघडत नव्हतं. हवालदारने बटण दाबलं. ‘नक्की काढून टाकायचा?’ अशी पडद्यावर चौकट आली. संगणकाचं काय, तो सगळ्यांना आणि सगळ्याच बाबतीत विचारतो. पण तिला ते सोसवलं नाही. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले. तिने ‘नाही’ दाबलं.

“मामा,” ती म्हणाली, “जरा इकडे या. हे बघा.”

मुलांनी वाट करून दिली. मामांजवळ चष्मा नव्हता, त्यामुळे ते पडद्याला नाक लागेपर्यंत वाकले. धूमकेतूकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“लावला होता की तिने,” ते म्हणाले.

“हो. मी वरून ओरडले म्हणून त्या परत वर गेल्या आणि घालवला.”

तिने पुढचा फोटो उघडला. जिना काळाकुट्ट होता आणि धूमकेतू अगदी स्वच्छ. मघाशी बाईंनी सगळ्यात चांगला म्हणून निवडला होता तो हाच.

अंधार करायला मीच सांगितलं होतं, असं बाई हळूच म्हणाल्या, पण मामांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते आता चिडतील, चार शब्द बोलतील, याची हवालदार वाट बघत होती. बोलले असते तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी फक्त मागचा फोटो परत लावायला सांगितला, आणि त्या पुसट आकृतीकडे ते बघत राहिले.

“मी एवढा बोललो,” ते म्हणाले, “आणि तिने एवढंसुद्धा सांगितलं नाही की दिवा लावला होता.”

किल्ल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. हा फोटो छापून दे, असं ते हवालदारला म्हणाले. तिने छापायला दिला. कागद बाहेर येईपर्यंत ते यंत्रापाशी उभे राहिले, मग तो हातात घेऊन दारापर्यंत गेले आणि थांबले.

“तूही चल,” ते म्हणाले.

“मी कुठल्या तोंडाने येऊ, मामा?”

“मी तरी कुठल्या तोंडाने जाणार आहे,” मामा म्हणाले. “चल. सोबत होईल.”